अठरा टक्के की दहा दिवस?
कर्करोगावरील ‘विजया’च्या बातम्या : एक तपासणी

शिक्षकांच्या एका प्रशिक्षण शिबिरात आमचे व्याख्यान संपल्यावर एक गुरुजी मागे थांबले. हॉल रिकामा झाल्यावर त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढून आमच्या हातात दिले. बातमी होती कर्करोगावरील एका नव्या औषधाची. गुरुजींच्या धाकट्या भावाला स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे महिन्यापूर्वी कळले होते. “फंडातून पैसे काढायचे म्हणतोय, सर. काढू का?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

आम्ही ते कात्रण दोनदा वाचले. त्यात औषधाचे नाव होते, परदेशातील एका प्राध्यापकांचे नाव होते आणि ‘क्रांतिकारक’ हा शब्द तीन वेळा आला होता. मात्र औषध किती रुग्णांना दिले, ते न घेणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत काय घडले आणि नेमके काय मोजले, यांपैकी एकही गोष्ट त्यात नव्हती. हे तीन प्रश्न आम्ही कात्रणाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिले आणि भावावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते विचारा असे सांगितले. फंडाबद्दल आम्ही काही सांगू शकलो नाही.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या तीन प्रश्नांचा विस्तार आहे. अवघड कर्करोगांवरील संशोधन पुढे सरकते आहे, यात आम्हाला शंका नाही. आमची तक्रार आहे ती या प्रगतीच्या कथनाविषयी. ज्या भाषेत ही प्रगती आपल्यापर्यंत येते तिच्यातून ती किती आहे आणि कोणासाठी आहे हे समजत नाही. पुढील चर्चेसाठी आम्ही मुख्यतः गुरुजींच्या भावाचाच आजार घेतला आहे.

स्वादुपिंडच का?

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून असलेली ग्रंथी आहे. तेथील गाठ हाताला लागत नाही आणि दीर्घकाळ दुखतही नाही. कावीळ, पाठदुखी, वजन घटणे ही लक्षणे दिसेपर्यंत बहुतेकांचा रोग पसरलेला असतो. शस्त्रक्रियेने गाठ काढता येईल अशा अवस्थेत जेमतेम पंधरा ते वीस टक्के रुग्ण डॉक्टरांकडे पोचतात. शिवाय ही गाठ दाट तंतुमय ऊतीत रुतलेली असते. तिच्यात रक्तवाहिन्या विरळ असल्यामुळे शिरेतून दिलेले औषध आतपर्यंत पुरेसे पोचत नाही.

अमेरिकेतील आकडेवारीनुसार निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १९७०च्या दशकाच्या मध्यास सुमारे ३ टक्के होते. ते आता १३ टक्क्यांच्या आसपास आले आहे. म्हणजे पन्नास वर्षांत चौपट! किंवा असेही म्हणता येईल की, पन्नास वर्षांनंतरही शंभरातील सत्त्याऐंशी जण पाच वर्षांच्या आत जातात. दोन्ही वाक्ये खरी आहेत. कोणते वाक्य मथळ्यात जाते यावर वाचकाची समजूत ठरते.

पहिला टप्पा : सव्वा महिना

पसरलेल्या रोगासाठी फ्लुरोयुरॅसिल हे औषध बरीच वर्षे वापरात होते, पण त्याचा उपयोग थोडाच होई. १९९७ मध्ये जेमसायटाबीन या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाचणीत १२६ रुग्ण होते. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, म्हणजे कोणाच्याही आवडीनिवडीला वाव न ठेवता, दोन गट केले होते. फ्लुरोयुरॅसिल घेणाऱ्यांच्या आयुष्याचा मध्यक ४.४१ महिने आला आणि जेमसायटाबीन घेणाऱ्यांचा ५.६५ महिने. फरक सव्वा महिन्याचा.

मध्यक हा शब्द आपल्या गणिताच्या पुस्तकातलाच आहे. सर्व रुग्णांचे आयुष्य चढत्या क्रमाने मांडले की, मधल्या रुग्णाचा आकडा तो मध्यक. निम्मे रुग्ण त्याआधी जातात, निम्मे त्यानंतरही जगतात. मध्यकावरून कोण्या एका रुग्णाचे भविष्य सांगता येत नाही, हे पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून येथेच नोंदवून ठेवू.

या चाचणीची एक गोष्ट आम्हाला आजही आवडते. आयुष्याबरोबरच रुग्णाच्या वेदना, वेदनाशामकांची गरज, वजन आणि हिंडण्याफिरण्याची ताकद हेही संशोधकांनी मोजले होते. या बाबतींत खरा आराम मिळालेल्यांचे प्रमाण जुन्या औषधाने ४.८ टक्के होते, नव्याने २३.८ टक्के. मरणाच्या वाटेवरील माणसाला झोप लागली का आणि दोन घास गेले का, हाही शास्त्राचा प्रश्न आहे, असे त्यांनी मानले. जेमसायटाबीनला मान्यता मिळण्यात या मोजमापाचा मोठा वाटा होता.

एका निकालाचे तीन अवतार

जेमसायटाबीनला कोणत्या औषधाची जोड द्यावी, याचा शोध त्यानंतर सुरू झाला. अनेक जोड्या अपयशी ठरल्या. अखेर एर्लोटिनिब या गोळीची जोड यशस्वी ठरली आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला या रोगासाठी मान्यता दिली. चाचणीत ५६९ रुग्ण होते आणि सविस्तर निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निकाल तीन प्रकारे सांगता येतो.

पहिला प्रकार : नव्या जोडीमुळे मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी कमी झाला.

दुसरा प्रकार : वर्षअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण १७ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर गेले, म्हणजे दर शंभरांत सहा जण अधिक.

तिसरा प्रकार : आयुष्याचा मध्यक ५.९१ महिन्यांवरून ६.२४ महिन्यांवर गेला. म्हणजे दहा दिवस.

वाचकांनी हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. चाचणी एकच, रुग्ण तेच आणि गणितही बरोबर. तरी पहिले वाक्य ऐकणारा फंडातून पैसे काढायला निघेल आणि तिसरे ऐकणारा थबकेल. पहिल्या वाक्यातील १८ टक्के हे ‘कशाच्या’ १८ टक्के, हे सामान्य वाचकाला कळत नाही. शंभरातले अठरा वाचले असाच त्याचा समज होतो. प्रत्यक्षात तो आकडा दोन गटांतील मृत्यूच्या वेगाचे गुणोत्तर सांगतो. शंभराला किती, हे त्यावरून समजत नाही.

येथे मराठीचीही एक अडचण आहे. असा निकाल ‘लक्षणीय’ असल्याचे निबंधात म्हटलेले असते. संख्याशास्त्रात या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे : दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता कमी आहे, इतकाच. रोजच्या बोलण्यात मात्र लक्षणीय म्हणजे डोळ्यांत भरण्याजोगा. रुग्णसंख्या पुरेशी असली की दहा दिवसांचा फरकही पहिल्या अर्थाने लक्षणीय ठरतो. दुसऱ्या अर्थाने तो तसा आहे का, हे रुग्णाने ठरवायचे. या जोडीने अंगावर पुरळ येण्याचे आणि जुलाबांचे प्रमाण वाढले होते, हेही ठरवताना लक्षात घ्यावे लागते.

निबंध लिहिणाऱ्यांनी काही लपवले होते असे नाही. तिन्ही आकडे त्यांनी छापले होते. निवड होते ती पुढच्या पायरीवर, जेव्हा तीनातला एक आकडा मथळ्यासाठी उचलला जातो.

जुनी औषधे, मोठी झेप

२०११ मध्ये फ्रान्समधून एक निकाल आला. फ्लुरोयुरॅसिल, त्याचा जोडीदार ल्युकोव्होरिन, इरिनोटेकान आणि ऑक्झॅलिप्लॅटिन ही चार औषधे एकत्र दिली. या मिश्रणाला फॉल्फिरिनॉक्स म्हणतात. चाचणीत ३४२ रुग्ण होते. जेमसायटाबीनने आयुष्याचा मध्यक ६.८ महिने होता, मिश्रणाने तो ११.१ महिने झाला. वर्षअखेर हयात असलेले सुमारे २१ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेले. २०१३ मध्ये जेमसायटाबीनला नॅब-पॅक्लिटॅक्सेलची जोड देऊन ६.७ महिन्यांचे ८.५ महिने झाले. २०१८ मध्ये फॉल्फिरिनॉक्सचेच थोडे सौम्य केलेले रूप शस्त्रक्रियेनंतर देऊन पाहिले. त्या ४९३ रुग्णांत मध्यक ३५ महिन्यांवरून ५४.४ महिन्यांवर गेला.

या रोगाच्या इतिहासात ही खरी मोठी पावले आहेत आणि ती कोणत्याही नव्या रेणूवाचून पडली. मिश्रणातली चारही औषधे २०११ पूर्वीच बाजारात होती. फ्लुरोयुरॅसिल तर १९५०च्या दशकातले. कोणते औषध कशाबरोबर, किती, कोणत्या क्रमाने आणि कोणाला द्यावे, याचा धीराने केलेला अभ्यास म्हणजे ही प्रगती. अशा अभ्यासाला ‘क्रांतिकारक’ म्हणणे अवघड जाते, कारण दाखवायला नवी वस्तू नसते.

अर्थात ‘कोणत्या रुग्णांत?’ हा प्रश्न येथेही विचारायला हवा. २०११च्या चाचणीत ७५ वर्षांपर्यंतचे, बऱ्यापैकी हिंडतेफिरते रुग्ण घेतले होते. मिश्रण कडक आहे. पांढऱ्या पेशी घटतात, जुलाब होतात, हातापायांना बधिरता येते. खंगलेल्या वृद्ध रुग्णाला ११.१ हा आकडा सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या पत्रिकेवरून त्याचे भविष्य सांगणे होय. असे असले तरी सहा महिन्यांनंतर ज्यांचे जगणे स्पष्टपणे खालावले असे रुग्ण जेमसायटाबीनच्या गटात ६६ टक्के होते आणि मिश्रणाच्या गटात ३१ टक्के. कडक औषध म्हणजे अधिक हाल, हा समज येथे खरा ठरला नाही. कारण उघड आहे : रोग स्वतःच औषधापेक्षा अधिक हाल करतो.

उंदीर आणि माणूस

बातम्यांचा दुसरा मोठा दोष म्हणजे उंदरावरून माणसावर घेतलेली उडी. याचे प्रसिद्ध उदाहरण ३ मे १९९८ चे आहे. गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या वाहिन्या रोखल्या तर गाठ उपाशी मरेल, ही कल्पना जूडा फोकमन यांनी मांडली होती. त्यांच्या प्रयोगशाळेतील दोन प्रथिनांनी उंदरांच्या गाठी आक्रसल्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. शुक्रवारी १२ डॉलरच्या आसपास असलेला संबंधित कंपनीचा शेअर सोमवारी काही काळ ८५ डॉलरपर्यंत चढला. जगभरचे रुग्ण चौकशी करू लागले. माणसांवरील चाचण्यांत त्या दोन प्रथिनांनी मात्र अपेक्षा पूर्ण केली नाही.

कल्पना चुकीची होती का? तसेही नाही. त्याच तत्त्वावरील बेवासिझुमॅब या निराळ्या औषधाने पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मध्यक १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर नेला आणि २००४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. मग ते स्वादुपिंडातही चालेल असे वाटले. ६०२ रुग्णांच्या चाचणीत त्या औषधाने मध्यक आला ५.८ महिने आणि त्यावाचून ५.९ महिने. ‘कर्करोग’ हा एक रोग नाही, हे विधान आपण पाठ्यपुस्तकात एका ओळीत शिकवतो. त्याचा पुरावा या दोन चाचण्यांत आहे.

तंतुमय ऊतीची कथा याहून बोधप्रद आहे. २००९ मध्ये एका प्रयोगात ही ऊती विरघळवणारे औषध जेमसायटाबीनबरोबर उंदरांना दिले. औषध गाठीत अधिक शिरले आणि उंदरांच्या आयुष्याचा मध्यक ११ दिवसांवरून २५ दिवसांवर गेला. ‘आयुष्य दुपटीहून अधिक’ असा मथळा सहज करता आला असता. माणसांवर चाचणी झाली तेव्हा नवे औषध घेणाऱ्यांची स्थिती उलट अधिक वाईट दिसली आणि २०१२ मध्ये चाचणी थांबवावी लागली. २०१४ मध्ये उंदरांवरीलच निराळ्या प्रयोगांतून कारणाचा अंदाज आला. ही ऊती औषधाची वाट अडवते हे खरे, पण ती गाठीलाही काही अंशी आवरून धरते. ती काढली की गाठ अधिक आक्रमक होते. त्याच ऊतीतील एक घटक विरघळवणारे दुसरे औषध २०१९ मध्ये ४९४ रुग्णांच्या चाचणीत निष्फळ ठरले. औषधासह ११.२ महिने, औषधावाचून ११.५ महिने.

हे निकाल मथळ्यांत येत नाहीत. आमच्या मते विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी ते विजयांइतकेच मोलाचे आहेत. भिंत पाडली की शत्रू सापडेल असे आपण समजत होतो आणि भिंत आपल्याही बाजूची आहे हे कळले. त्या चाचण्यांत स्वतःहून सामील झालेल्या रुग्णांमुळे हे ज्ञान मिळाले. बातमीतून केवळ विजय निवडले की त्यांचे योगदान पुसले जाते आणि संशोधन म्हणजे यशामागून यश अशी विद्यार्थ्यांची समजूत होते.

‘अभेद्य’ प्रथिनाची कथा

स्वादुपिंडाच्या दहापैकी सुमारे नऊ कर्करोगांत के-रास या जनुकात उत्परिवर्तन असते. रास कुळातील जनुके माणसाच्या कर्करोगात सामील असल्याचे १९८२ मध्ये समजले. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत या कुळातील एका जनुकाचे एकच अक्षर बदलले होते आणि त्यामुळे प्रथिनातील बाराव्या स्थानी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आले होते. रासचे प्रथिन म्हणजे पेशीला ‘वाढ’ असा हुकूम देणारे बटण. निरोगी पेशीत ते चालू होते आणि बंदही होते. उत्परिवर्तनानंतर ते चालूच राहते.

शत्रू सापडला, पण पकडायचा कसा? या प्रथिनाचा पृष्ठभाग गुळगुळीत, औषधाचा रेणू अडकवायला खाचच नाही. त्याला चालू ठेवणारा जीटीपी हा रेणू त्याला इतका घट्ट चिकटतो की, त्याला ढकलून जागा मिळवणे जवळपास अशक्य. तीसएक वर्षे हे प्रथिन ‘अभेद्य’ मानले गेले. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील केव्हन शोकाट यांच्या गटाने एका रूपात वाट शोधली. या रूपात बाराव्या स्थानी सिस्टीन येते. सिस्टीनमधील गंधकाशी कायमचा बंध करणारे रेणू त्यांनी शोधले आणि तो बंध होताना पूर्वी न दिसलेली एक खाच उघडी पडली. मूलभूत रसायनशास्त्राचा हा अतिशय सुंदर नमुना आहे. कोणी त्याला क्रांतिकारक म्हटले तर आम्ही हरकत घेणार नाही.

या वाटेने तयार झालेल्या सोटोरासिब या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी त्वरित मान्यता मिळाली. आधार होता १२४ रुग्णांचा. त्यांपैकी ३६ टक्क्यांच्या गाठी आक्रसल्या. तुलनागट नव्हता. मग ३४५ रुग्णांची तुलनात्मक चाचणी झाली. रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ जुन्या केमोथेरपीने ४.५ महिने आणि नव्या औषधाने ५.६ महिने निघाला. एकूण आयुष्याचा मध्यक मात्र नव्या औषधाने १०.६ आणि जुन्याने ११.३ महिने, म्हणजे फरक असा नाहीच. त्वरित मान्यतेचे पूर्ण मान्यतेत रूपांतर करण्यास औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये नकार दिला आणि आणखी एक चाचणी मागितली.

‘काय मोजले?’ हा प्रश्न का विचारावा, हे येथे स्पष्ट होते. गाठ आक्रसणे, रोग काही काळ थांबणे आणि माणूस अधिक जगणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली लवकर मोजता येते, तिसरीला वेळ लागतो. पहिल्या मोजणीवरून तिसरीचा अंदाज बांधावा लागतो आणि तो कधी कधी चुकतो. नवे औषध गोळीच्या रूपात घेता येते आणि त्याचा गंभीर त्रासही या चाचणीत कमी दिसला, हा त्याचा फायदा खराच. पण तो फायदा तेवढ्याच शब्दांत सांगावा.

आणि स्वादुपिंड? सिस्टीनचे हे रूप तेथे शंभरात एकदोन रुग्णांतच सापडते. अशा ३८ रुग्णांना औषध दिले, त्यांपैकी आठ जणांच्या गाठी आक्रसल्या. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. स्वादुपिंडात अधिक आढळणाऱ्या के-रासच्या इतर रूपांवरील औषधेही आता रुग्णांवरील चाचण्यांत उतरली आहेत. एकदा वाट आहे हे कळल्यावर चालणारे वाढतात. त्या औषधांनाही आपण हेच प्रश्न विचारायचे.

मुंबईतील एक चाचणी

आतापर्यंतची उदाहरणे परदेशांतील झाली. आपल्याकडे एक प्रश्न अधिकचा असतो : औषध परवडणार कोणाला? या प्रश्नालाच संशोधनाचा विषय करणारे काम मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. त्यासाठी स्वादुपिंड सोडून क्षणभर तोंड आणि घशाच्या कर्करोगाकडे वळावे लागेल. तंबाखूमुळे हा रोग आपल्याकडे फार आहे, आणि तो उलटला किंवा पसरला की उपचारांना दाद देत नाही.

निवोलुमॅब हे औषध शरीराच्या प्रतिकारपेशींवरील ‘थांबा’ असे सांगणारी खूण झाकते, त्यामुळे त्या पेशी कर्करोगावर चालून जातात. याचे प्रचलित प्रमाण दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम आहे आणि ते बहुसंख्य भारतीयांच्या आवाक्याबाहेर आहे. परंतु प्रतिकारपेशींवरील खुणा याहून पुष्कळ कमी औषधानेही झाकल्या जातात, असे आधीच्या अभ्यासांतून दिसले होते. मुंबईच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. १५१ रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना तीन स्वस्त औषधांच्या गोळ्या दिल्या. त्यांतले एक औषध म्हणजे आपले ओळखीचे एर्लोटिनिब. एका गटाला त्याशिवाय अल्प प्रमाणात निवोलुमॅब दिले. वर्षअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले आणि मध्यक ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर.

आपले म्हणून या कामाला सूट देऊ नये. ही चाचणी एकाच रुग्णालयात झाली, रुग्णसंख्या मोठी नव्हती आणि अल्प प्रमाणाची तुलना पूर्ण प्रमाणाशी केलेली नव्हती. त्यामुळे ‘थोडे औषध पूर्ण औषधाइतकेच चांगले’ असे म्हणता येत नाही. ‘काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळणे पुष्कळ चांगले’ असे मात्र आधाराने म्हणता येते, आणि ज्याला पूर्ण प्रमाण कधीच परवडणार नव्हते त्या रुग्णाचा प्रश्न नेमका हाच होता. पेटंटधारक कंपनीला असा प्रश्न विचारण्यात स्वारस्य असण्याचे कारण नाही. सार्वजनिक रुग्णालयाला असते.

दोष कोणाचा?

सगळे खापर बातमीदारांवर फोडणे सोपे आहे. ब्रिटनमधील संशोधकांनी वीस विद्यापीठांनी २०११ मध्ये काढलेली आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रके तपासली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापले. प्राण्यांवरील प्रयोगांतून माणसांविषयी अतिशयोक्त अनुमान काढणारी पत्रके त्यांत ३६ टक्के होती. पत्रकातच अशी अतिशयोक्ती असली तर ८६ टक्के बातम्यांतही ती आली. पत्रकात नसली तर अवघ्या १० टक्के बातम्यांत. म्हणजे वाहत्या पाण्यात गढूळपणा शिरतो तो बऱ्याचदा उगमापाशी, आम्हा संशोधकांच्या आणि आमच्या संस्थांच्या दारात. अनुदान हवे असते, नाव हवे असते, आणि ‘उंदरांत’ हा एक शब्द गाळला की बातमी मोठी होते. ही टीका करताना आम्ही स्वतःला वगळत नाही.

उलट टोकाचीही एक चूक आहे, ती म्हणजे निराशेची. स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञांना १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा एक दुर्मीळ कर्करोग झाला. निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने, असे त्यांनी ग्रंथालयात वाचले. आठ महिन्यांत आपण मरणार असा अर्थ त्यांनी काढला नाही. निम्मे लोक आठ महिन्यांहून अधिक जगतात आणि त्यांतले काही पुष्कळ अधिक, हे त्यांना संख्याशास्त्रामुळे उमगले. ते आणखी वीस वर्षे जगले आणि २००२ मध्ये निराळ्याच कर्करोगाने वारले. मध्यक नीट कळला की खोटी आशा गळते आणि खोटी निराशाही.

वर्गात काय करता येईल?

नववी-दहावीच्या वर्गात हे सारे दोन तासिकांत करता येईल. फळ्यावर अकरा काल्पनिक रुग्णांचे आयुष्य महिन्यांत लिहा : २, ३, ३, ४, ५, ६, ८, ९, १४, २६, ६०. मध्यक आणि सरासरी काढायला सांगा. मध्यक ६ येईल आणि सरासरी पावणेतेराच्या जवळ. शेवटच्या ६० ऐवजी १२० लिहा. सरासरी सव्वाअठराच्या जवळ जाईल, मध्यक जागचा हलणार नाही. चाचण्यांत मध्यक का वापरतात आणि तो काय सांगत नाही, हे मुलांना न सांगता कळेल.

दुसऱ्या तासिकेला मुलांना औषधांच्या बातम्यांची कात्रणे आणायला सांगा. प्रत्येक कात्रणाला पाच प्रश्न विचारा. प्रयोग उंदरांवर की माणसांवर? किती जणांवर? तुलना कोणाशी? गाठ मोजली की आयुष्य? टक्के दिले असतील तर ते कशाचे? बहुतेक कात्रणांत दोनतीन रकाने रिकामे राहतील. ते रिकामेच ठेवावेत आणि मुलांना पाहू द्यावेत.

या पाच प्रश्नांसाठी डॉक्टर व्हावे लागत नाही. दहावीचे गणित पुरते. आपल्या वर्गातील मुलांपैकी कोणाच्या ना कोणाच्या घरी पुढेमागे हा आजार येणार आहे, आणि तेव्हा जमीन, दागिने किंवा फंड यांचा निर्णय एखाद्या कात्रणावरून घ्यायची वेळ येणार आहे.

त्या गुरुजींचे काही महिन्यांनी पत्र आले. भावाला डॉक्टरांनी जेमसायटाबीन दिले होते. ते सरकारी योजनेत बसले. फंडाला हात लावावा लागला नाही. कात्रणातील औषध उंदरांपलीकडे गेलेले नव्हते, असे डॉक्टरांनी त्यांना शोधून सांगितले. भाऊ सात महिने राहिला आणि त्यांतले चारपाच महिने बरे गेले, असे त्यांनी लिहिले होते. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले होते की, ते तीन प्रश्न शाळेच्या फलकावर लावले तर चालतील का. आम्ही त्यात आणखी दोन घालून पाठवले.